मामांच्या ट्रॅक्टरचे दोन ब्रेक आणि घाटातली कार

जुलै महिना होता. मामांना घेऊन गोव्याला निघालो होतो, बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबी आणि पुढं चोर्ला. कणकुंबीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं काही सांगायला नको. मलप्रभा उगीच तिथं उगम पावत नाही. वायपर जिवाच्या आकांतानं फिरत असतो आणि काचेपलीकडं नुसतं पांढरं दिसतं.

गाव मागं टाकून थोडं पुढं आलो तर एक डावं वळण लागलं. वेग फार नव्हता, पण त्या वळणाला जास्तच होता. दरडीवरची लाल माती पाण्याबरोबर वाहून रस्त्यावर आलेली, ती मला वळणात शिरल्यावर दिसली. दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, आणि मागची बाजू हलकी होऊन उजवीकडं सरकायला लागली. तेवढ्यात पायाखाली कुठंतरी खर्र्र आवाज झाला, मीटरमध्ये एक पिवळा दिवा दोन-तीनदा लुकलुकला, पुढून कुणीतरी कॉलर धरून ओढल्यासारखं झालं आणि गाडी पुन्हा आपल्या वाटेला लागली. सगळा प्रकार एका सेकंदाचा.

मामा म्हणाले, "ब्रेक का मारलास?"

"मी न्हाई मारला, मामा."

"खरं मला जाणवला की."

"गाडीनं मारला."

मामा गप्प. जरा वेळानं म्हणाले, "गाडीला कोण सांगितलं?"

(लांबच्या वाचकांसाठी: आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'. आणि 'कोणी सांगितलं'च्या जागी 'कोण सांगितलं' हे कन्नडच्या शेजाराचं देणं.)

माझं खानापूर रोडला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. त्या पिवळ्या दिव्याबद्दल मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं आणि मी आपलं 'ते सेफ्टीचं असतंय' असं सांगून मोकळा होतो. मामांच्या प्रश्नाला मात्र असलं उत्तर चालणार नव्हतं. त्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय. आणि गंमत म्हणजे त्यांना समजावताना माझ्या लक्षात आलं की या यंत्राचं मर्म त्यांना माझ्यापेक्षा आधीपासून माहीत आहे.

ट्रॅक्टरला उजव्या पायाखाली ब्रेकची दोन पेडल असतात. एक मागच्या डाव्या चाकाचं, एक मागच्या उजव्याचं. भाताच्या शेतात चिखलणी करताना पुढची चाकं चिखलात नुसती सरकतात, स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. मग बांधाजवळ आल्यावर मामा डावं पेडल दाबतात. डावं चाक थांबतं, उजवं फिरत राहतं, आणि ट्रॅक्टर डाव्या चाकाभोवती गर्रकन फिरतो. एका बाजूचं चाक अडवलं की गाडी त्या बाजूला वळते, एवढाच त्यातला सिद्धांत. बैलगाडीत एका बाजूचा कासरा ओढतात तेव्हा हेच घडतं.

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, हा त्याच ब्रेकचा शिकलेला भाऊ. कारमध्ये दोनऐवजी चारही चाकांचे ब्रेक सुटेसुटे वापरता येतात, आणि ते वापरणारा पाय माणसाचा नसून एका लहान संगणकाचा असतो. ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आणताना ती दोन पेडल खटक्यानं जोडून ठेवायची असतात, कारण वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटतो. जे काम माणसानं रस्त्यावर करणं जिवावरचं, तेच ही यंत्रणा करते. फक्त तिला नेमकं कुठलं चाक, किती जोरानं आणि किती क्षण अडवायचं याचं गणित येतं.

आता गाडी घसरते म्हणजे काय होतं, ते बघू.

चारचाकी रस्त्याला चिकटलेली असते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो आणि वेग घेणं, थांबणं, वळणं ही तिन्ही कामं तेवढ्याच जागेनं करायची असतात. पकड ही पगारासारखी आहे. ठरलेलीच मिळते. ब्रेकला जास्त खर्च केली तर वळायला कमी उरते.

वळणाला किती लागते? समजा वळणाची त्रिज्या 50 मीटर आहे आणि रस्ता सपाट आहे. एक टन वजनाची गाडी तिथून ताशी 50 किलोमीटरनं न्यायची तर टायरांना साधारण 390 किलो वजनाइतका आडवा जोर पेलावा लागतो. तीच गाडी 60 नं नेली तर 570 किलो. काटा फक्त 10 नं पुढं सरकला आणि भार जवळपास दीडपट झाला, कारण हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. चांगले टायर कोरड्या डांबरावर गाडीच्या वजनाच्या 70-80 टक्के जोर पेलतात. तोच रस्ता ओला झाला की निम्म्यावर येतात, आणि ओल्या मातीवर किंवा झिजलेल्या टायरवर त्याहून खाली. म्हणजे मार्चमध्ये जे वळण आपण गाणं म्हणत 60 नं घेतो, ते जुलैत त्याच वेगानं घेताच येत नाही. रस्ता तोच, गाडी तीच, हातही तेच.

पकड संपते तेव्हा गाडी दोनपैकी एका तऱ्हेनं बिघडते.

पहिली तऱ्हा, पुढची चाकं आधी हार मानतात. स्टिअरिंग फिरवलंय पण गाडी सरळच निघालीये. डाव्या वळणावर असं झालं की आपण समोरून येणाऱ्याच्या अंगावर जातो, उजव्या वळणावर झालं की गटारात किंवा दरीत. माणूस घाबरून स्टिअरिंग आणखी पिळतो आणि त्याचा उपयोग शून्य, कारण पुढच्या टायरांकडं द्यायला काही शिल्लकच नसतं. इथं ईएससी वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक अडवते. डावं वळण असेल तर मागचं डावं. चिखलात मामा दाबतात तेच पेडल! गाडीचं तोंड आत ओढलं जातं. सोबत इंजिनाचा जोरही कमी केला जातो, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून धरला असला तरी.

दुसरी तऱ्हा, मागची चाकं आधी सुटतात. माझं कणकुंबीजवळ झालं ते हेच. वळणात एकदम पाय उचलला की गाडीचं वजन पुढं झुकतं, मागचे टायर हलके होतात आणि शेपटी बाहेर पडते. इथून गाडी गोल फिरायला वेळ लागत नाही. एकदा ती आडवी झाली की रस्त्याच्या कडेला किंवा मऊ मातीत चाक अडकून उलटण्याची भीती, आणि उंच गाड्यांना ती जास्त. अशा वेळी बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक अडवावं लागतं. माझं वळण डावं होतं, म्हणून पुढचं उजवं. मघाशी कॉलर धरून ओढल्यासारखं वाटलं ते तेच. फिरू बघणाऱ्या गाडीला त्या चाकानं धरून सरळ केलं.

कसलेला ड्रायव्हर दुसऱ्या तऱ्हेत उलटं स्टिअरिंग मारून गाडी सावरतो, हे खरं. पण एकट्या पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक लावणं जगातल्या कुठल्याही ड्रायव्हरला जमणार नाही, कारण कारला पेडल एकच. "आमाला कशाला पायजे असलं, आमी घाटात वाढलोय" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात दुकानात. त्यांना मी हेच सांगतो. पटतंच असं नाही.

आता मामांचा मूळ प्रश्न: गाडीला कोण सांगितलं?

स्टिअरिंगच्या दांड्यावर एक सेन्सर असतो, तो सांगतो की ड्रायव्हरला कुठं जायचंय. गाडीच्या मध्यभागी, बहुधा गिअरच्या आसपास, आणखी एक सेन्सर असतो. गाडी स्वतःभोवती खरोखर किती झपाट्यानं वळतेय आणि तिला आडवा जोर किती बसतोय, हे तो मोजतो. चारही चाकांजवळ वेग मोजणारे सेन्सर एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, आधीच बसवलेले असतात. या सगळ्यांची माहिती संगणकाकडं जाते आणि तो सेकंदाला 25 वेळा एकच गोष्ट पडताळतो: जायचंय तिकडंच चाललोय का? उत्तर 'हो' असेपर्यंत तो काहीच करत नाही. कित्येकांची गाडी विकायची वेळ येते तरी त्यांना तो दिवा लुकलुकलेला आठवत नाही, इतका तो गप्प बसून असतो. उत्तर 'नाही' आलं की मात्र तुमच्या मेंदूला घसरण कळायच्या आधीच त्याचं काम सुरू झालेलं असतं.

यातून एक फार कामाची गोष्ट निघते. यंत्राला रस्ता दिसत नाही. वळण कुठं आहे, दरी कुठं आहे, त्याला पत्ता नाही. त्याला फक्त तुमचं स्टिअरिंग दिसतं. त्यामुळं घसरताना घाबरून स्टिअरिंग सोडलं किंवा दरीकडं बघत तिकडंच वळवलं, तर तुम्हाला तिकडंच जायचंय असं समजून ते इमानेइतबारे मदत करील. नजर आणि हात दोन्ही जिथं जायचंय तिकडं ठेवायचे, बाकीचं त्याच्यावर सोडायचं.

आमच्या धंद्याचा संबंध इथंच येतो. कुणीतरी गाडीचं अलाइनमेंट करून घेतो, स्टिअरिंग थोडं हललेलं असतं, ते सरळ करून दिलं जातं. पण स्टिअरिंगच्या सेन्सरला त्याचा नवा शून्य, म्हणजे आता सरळ कुठं आहे ते, सांगायचा राहून जातो. मग गाडी सरळ चाललेली असताना सेन्सर म्हणतो ड्रायव्हर डावीकडं वळतोय, मधला सेन्सर म्हणतो गाडी वळतच नाहीये. दोघांची जुंपली की संगणक वैतागतो आणि दिवा लावून बसतो. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून दोन मिनिटांत हा शून्य बसवता येतो. माझ्याकडं आलेल्या एका गिऱ्हाइकाला दुसऱ्या एका ठिकाणी या दिव्यासाठी अख्खा एबीएसचा ठोकळा, म्हणजे ब्रेकचा दाब सांभाळणारा पंप आणि व्हॉल्व्हचा डबा, बदलायला सांगितलं होतं. अलाइनमेंटनंतर लगेच दिवा लागला असेल तर आधी शून्य बसवून घ्या, मग पाकिटाला हात घाला.

एबीएसचा विषय निघालाच आहे तर तेही उरकून टाकू, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. तुम्ही जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ नये म्हणून एबीएस ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं. त्याला तुमचा पाय लागतो. ईएससीला पाय लागत नाही, ती पंपानं स्वतः दाब तयार करते आणि पाहिजे त्या चाकाला देते. ठोकळा दिसायला सारखाच, पण एबीएसच्या ठोकळ्यात साधारण 8 व्हॉल्व्ह असतात, ईएससीच्या ठोकळ्यात 12. भारतात एबीएस एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या कारना सक्तीचं आहे. म्हणजे निम्मं सामान गाडीत आधीच आलेलं असतं, वर लागतात ते दोन सेन्सर, थोडा मोठा ठोकळा आणि ते चालवायची अक्कल.

ही अक्कल बॉश कंपनीत अँटन व्हॅन झांटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली आणि 1995 मध्ये ती पहिल्यांदा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसली. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती आणि कदाचित बराच काळ तशीच राहिली असती. पण 1997 च्या ऑक्टोबरात एक फजिती झाली. स्वीडनमध्ये रस्त्यावर अचानक मूस नावाचं अवाढव्य हरीण आडवं येतं. ते चुकवायला गाडी झपकन एका बाजूला काढून परत मूळ लेनमध्ये आणायची, अशी परीक्षा तिथल्या एका मोटार मासिकाचे लोक घ्यायचे. मर्सिडीजची नवी कोरी, लहान ए-क्लास त्या परीक्षेत उलटली. कंपनीनं विक्री थांबवली, गाडीच्या सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि सगळ्या ए-क्लासमध्ये ही यंत्रणा बसवून दिली. महागड्या गाडीतली चीज लहान गाडीत आली, तिचं उत्पादन वाढलं आणि किंमत उतरली. 2016 मध्ये व्हॅन झांटेन यांना युरोपीय संशोधक पुरस्कारांत जीवनगौरव मिळाला.

आपल्याकडं मूस नाही, गवा आहे. भीमगडच्या जंगलापासून आंबोलीपर्यंत कुठंही रात्री धुक्यातून तो रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि हॉर्नला अजिबात दाद देत नाही. तो चुकवताना हात जे करतात ती स्वीडनमधली परीक्षाच. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडीकडं रात्री दिव्याविना उभी असलेली ट्रॉली पंचवीस पावलांवर आल्यावर दिसते, तेव्हाही तीच. पहिला झटका सहसा निभावतो. परत लेनमध्ये यायला दिलेला दुसरा झटका शेपटी फिरवतो आणि ईएससीची खरी गरज त्या दुसऱ्या झटक्याला लागते.

फरक पडतो का? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका या यंत्रणेनं जवळपास निम्म्यानं कमी होतो असं आढळलं. एकट्याच गाडीचा म्हणजे दुसऱ्या कुणाचा धक्का नाही, गाडी आपली आपण घसरून झाडावर, दरीत किंवा उलटी. घाटातले किती अपघात या जातीचे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून आणि युरोपात 2014 च्या शेवटापासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची झाली. आपल्याकडं 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपची, म्हणजे गाड्या आदळून बघून सुरक्षेचे तारे देणारी, परीक्षा सुरू झाली, तीत 3 किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतेच.

घेताना एक घोळ होतो तो नावांचा. मारुतीच्या कागदावर ईएसपी, टोयोटाच्या व्हीएससी, होंडाच्या व्हीएसए. वस्तू एकच. शोरूममध्ये "सेफ्टी सगळी हाय की सर" एवढ्यावर समाधान मानू नका, तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटच्या पत्रकावर बोट ठेवून विचारा. गाडी बघायला गेलात तर चावी फिरवल्यावर मीटरमध्ये बघा. गाडीच्या चित्राखाली दोन नागमोडी रेघा, असा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. बहुतेक गाड्यांत यासोबत चढावर धरून ठेवणारी सोयही येते. ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी दोनेक सेकंद मागं सरकत नाही. तवंदी घाटात उसाच्या ट्रकमागं अडकून पुन्हा निघताना तेवढ्यासाठी मी दर वेळी मनात आभार मानतो.

तो दिवा लुकलुकला तर यंत्र काम करतंय, घाबरायचं कारण नाही. पण 'वेग कमी कर' हा त्याचा निरोप आहे, तो घ्यायचा. दिवा लागून तसाच राहिला तर यंत्र बंद आहे. गाडी चालेल, साधा ब्रेकही लागेल, पाठीशी कुणी नसेल इतकंच. काही गाड्यांत ते बंद करायचं बटण असतं. शेताच्या वाटेवर चिखलात चाक रुतलं तर ते दाबा, कारण चाक फिरायला लागलं की यंत्र इंजिनाचा जोर काढून घेतं आणि गाडी जागची हलत नाही. बाहेर आलात की पुन्हा चालू करा.

आणि लोक ज्याला घासाघीस करायची जागा समजतात, ते टायर. ईएससी नवी पकड निर्माण करत नाही. असलेली पकड चार चाकांत शहाणपणानं वाटते, बस्स. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. 1.6 मिलिमीटरवर ती आली की टायर कायद्यानंही संपला, पण आमच्याकडच्या पावसात 3 च्या खाली मला स्वतःला झोप लागत नाही. गोटा झालेले टायर पाण्यावर तरंगायला लागले, तर यंत्र कुठलंही चाक अडवो, ते अडणार कशाच्या आधारावर? माझ्याकडं महागडी गाडी घेऊन येतात, सहा एअरबॅग, वर काचेचं छत, आणि चारी टायर अंड्यासारखे. पुढं दोन नवे टाकायला सांगतात, मागचे 'चालतील की' म्हणतात. मागचे गोटे ठेवले की शेपटी आधी सुटते, हे वर आलंच आहे. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागं टाका.

हे सगळं मी मामांना त्या दिवशी चोर्ल्याच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, बाकड्यावर ओल्या बोटानं चार चाकं काढून. त्यांनी ऐकून घेतलं. पंधरा दिवसांनी चिखलणीला बोलावलं, मला ट्रॅक्टरवर बसवलं आणि बांध जवळ आल्यावर म्हणाले, "दाब डावं." दाबलं. एवढं धूड लोखंडी चाकांनी चिखल उडवत जागच्या जागी फिरलं आणि मी पडता पडता राहिलो.

"कळलं न्हवं?" मामा म्हणाले. "चाळीस वरसं मीच सेन्सर, मीच कंप्युटर."

संध्याकाळी केजव्हील काढून टायर चढवले. ट्रॅक्टर घराकडं निघाला, शेताच्या वाटेवरून डांबरी रस्ता दिसायला लागला तसे मामा थांबले. वाकून त्यांनी पेडलांमधला खटका लावला, दोन्ही एकत्र दाबून बघितली, आणि मगच ट्रॅक्टर वर काढला.